मराठी ख्रिस्ती साहित्यातील धर्मसंवाद

ख्रिस्ती श्रद्धा ख्रिस्ती नसलेल्या माणसापर्यंत कथेच्या द्वारे आणि खासगी बोलण्यातून पोहोचविण्याची जी परंपरा मराठी भाषेत सतराव्या शतकापासून दिसते, तिला मराठी ख्रिस्ती साहित्यातील धर्मसंवाद असे म्हणता येईल. थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' (१६१६), बाबा पदमनजी यांची 'यमुनापर्यटन' ही कादंबरी (१८५७) आणि लक्ष्मीबाई टिळक यांचे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र (१९३४ पासून) ही या परंपरेतील तीन प्रमुख पुस्तके होत. प्रार्थनामंदिरातील प्रवचन, बाजारात उभे राहून केलेला उपदेश किंवा फुकट वाटलेली छोटी धर्मपुस्तके यांहून हा प्रकार वेगळा आहे. येथे समोरच्या माणसाला प्रश्न विचारण्याची, नकार देण्याची जागा असते. निदान ती असल्याचे दाखविलेले असते. ती जागा प्रत्यक्षात किती मोकळी होती, हा या विषयातील कळीचा प्रश्न आहे.

संज्ञा आणि पूर्वपीठिका

मराठी ख्रिस्ती मंडळीत या संदर्भात दोन शब्द रूढ आहेत: 'सुवार्ता' आणि 'साक्ष'. सुवार्ता म्हणजे येशू ख्रिस्ताविषयीची आनंदाची बातमी, आणि ती आपल्या आयुष्यात कशी खरी ठरली हे दुसऱ्याला सांगणे म्हणजे साक्ष देणे. दुसरा शब्द न्यायालयातला आहे आणि तो अन्वर्थक आहे. साक्षीदाराने पाहिलेले तेवढेच सांगावे, निवाडा ऐकणाऱ्याने करावा, अशी अपेक्षा त्यात येते. मंडळीबाहेरच्या मराठीत मात्र याच घटनेला 'बाटणे' असे म्हणत. आतून जी साक्ष, ती बाहेरून बाट. एकोणिसाव्या शतकातील वाद समजून घेताना हे दोन्ही शब्द जवळ ठेवावे लागतात.

कथा आणि संभाषण ही दोन्ही साधने मुळात शुभवर्तमानांतीलच आहेत. हरवलेले मेंढरू, उधळ्या पुत्र, पेरणारा शेतकरी हे येशूचे दृष्टान्त कथारूप आहेत. तर विहिरीवरील शोमरोनी स्त्री आणि रात्री भेटीस आलेला निकदेम यांच्याशी झालेली त्याची बोलणी योहानाच्या शुभवर्तमानात आली आहेत. मराठी श्रोत्याला ही रीत नवखी नव्हती. महानुभाव पंथाचे 'लीळाचरित्र' हे बहुतांशी प्रश्नोत्तरांनी भरलेले आहे, 'दृष्टान्तपाठ' तर नावातच दृष्टान्त घेऊन येतो, आणि कीर्तनाच्या उत्तररंगात कथेवाचून चालत नाही.

गोमंतक: क्रिस्तपुराण

इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स इ.स. १५७९ मध्ये गोव्यास आले आणि इ.स. १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिले. त्यांचा बहुतेक काळ सासष्टीत गेला. त्यांचे क्रिस्तपुराण इ.स. १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. ग्रंथात १०,९६२ ओव्या असून त्याचे दोन भाग आहेत. 'पैले पुराण' हे जुन्या कराराच्या आधारे रचलेले असून त्यात ३६ अवस्वर आहेत; 'दुसरे पुराण' ५९ अवस्वरांचे असून त्यात येशूचे चरित्र आले आहे. अवस्वर म्हणजे अध्याय.

मराठी भाषेची जी स्तुती स्टीफन्स यांनी ग्रंथारंभी केली आहे ती पाठ्यपुस्तकांमुळे सर्वपरिचित आहे. तिच्या प्रसिद्धीपुढे ग्रंथाच्या आरंभीचा एक साधा प्रसंग मात्र झाकला गेला. रविवारी दुपारी धर्मशिक्षण चालू असता एक ब्राह्मण श्रोता पाद्रीला म्हणतो, की आमची पूर्वीची पुराणे आता आम्हांस वर्ज्य झाली, मग त्यांच्या जागी वाचावयास आम्ही काय घ्यावे? ग्रंथ म्हणजे या प्रश्नाचे उत्तर, अशी ही मांडणी आहे. पुढेही श्रोते मधूनमधून शंका विचारतात आणि पाद्री त्यांचे समाधान करतो. वक्ता, श्रोता, शंका आणि निरसन हा पुराणांचा जुना साचा स्टीफन्स यांनी जसाच्या तसा उचलला. स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द वापरावयासही ते कचरले नाहीत.

परंतु प्रश्न विचारणारा तो ब्राह्मण कोणत्या परिस्थितीत बसला होता, हे विसरता येत नाही. सासष्टीतील देवळे पोर्तुगिजांनी इ.स. १५६७ च्या सुमारास पाडली होती. इ.स. १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे रुदोल्फ आक्वाव्हिव्हा यांच्यासह पाच जेझुइट ग्रामस्थांच्या हल्ल्यात मारले गेले, आणि त्याचा सूड म्हणून गावच्या प्रमुखांना ठार करण्यात आले. जुनी पुराणे श्रोत्याने आपखुशीने टाकलेली नव्हती. ती काढून घेतली गेली होती. त्यामुळे क्रिस्तपुराणातील संवाद एकाच वेळी दोन गोष्टी सांगतो. एका परदेशी माणसाने लोकांची भाषा आणि त्यांचा वाङ्मयप्रकार इतक्या आदराने आत्मसात करावा ही एक, आणि ज्याला उत्तर दिले जात आहे त्याला दुसरे काही वाचण्याची मुभा नाही ही दुसरी. पहिलीचा गौरव करताना दुसरी वगळण्याची प्रथा पडली आहे. ती योग्य नव्हे.

एतिएन द ला क्रुआ या फ्रेंच जेझुइटाने संत पीटरच्या जीवनावर असेच मोठे मराठी पुराण रचले; ते इ.स. १६२९ मध्ये छापले गेले. इ.स. १६८४ मध्ये पोर्तुगीज शासनाने स्थानिक भाषांच्या वापराविरुद्ध फर्मान काढल्यावर मात्र ही धारा आटली.

जाहीर वाद

मुंबई इलाख्यात अमेरिकन मिशनचे काम इ.स. १८१३ मध्ये सुरू झाले आणि स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईस आले. या काळातील संवादाचे मुख्य रूप जाहीर वादाचे होते. विल्सन आणि मोरभट दांडेकर यांचा १८३१ मधील वाद प्रसिद्ध आहे. विष्णुबावा ब्रह्मचारी यांनी इ.स. १८५७ च्या पहिल्या काही महिन्यांत मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी सभा भरवून वाद केले. त्यांना मोठी गर्दी लोटत असे. या सभांत दोन्ही बाजू तयारीच्या होत्या, आणि म्हणूनच तेथे कोणी कोणाचे ऐकून मत बदलण्याची शक्यता थोडी होती. हजारो लोकांसमोर 'तुमचे म्हणणे मला पटले' असे म्हणणे कोणत्याही पंडिताला जड जाते.

काशीत वाढलेल्या नीळकंठशास्त्री गोरे यांची गोष्ट निराळी आहे. त्यांनी विल्यम स्मिथ या मिशनऱ्याला हरविण्याच्या हेतूने वाद मांडला, पण पुढे सभा सुटून वाचन व खासगी भेटी उरल्या, आणि इ.स. १८४८ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

शाळेतील संवादाचा प्रश्न याहून नाजूक होता. इ.स. १८४३ मध्ये मुंबईच्या मिशनशाळेतील नारायण शेषाद्री हे ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहावयास गेला, तेव्हा तो अवघा बारा वर्षांचा होता. वडिलांनी न्यायालयात धाव घेतली आणि मुलगा त्यांच्या स्वाधीन करण्यात आला. त्याला जातीत परत घ्यावे की नाही यावरून मुंबईत मोठी खळबळ उडाली. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याच्या शुद्धीचा पक्ष घेतला. शिक्षक आणि बारा वर्षांचा विद्यार्थी यांच्यातील बोलण्याला संवाद म्हणावे काय, हा प्रश्न त्या वेळी प्रथम उघडपणे विचारला गेला.

यमुनापर्यटन

ज्या वर्षी विष्णुबावा समुद्रकिनारी वाद करीत होते त्याच वर्षी, म्हणजे इ.स. १८५७ मध्ये, 'यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानांतील विधवांच्या स्थितीचे निरूपण' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. अनेक अभ्यासक ती मराठीतील पहिली कादंबरी मानतात. काही जण हा मान लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांच्या 'मुक्तामाला' (१८६१) या अद्भुतरम्य कादंबरीस देतात. पहिलेपणाचा हा वाद बराच चघळला गेला आहे. ख्रिस्ती धर्मप्रसाराच्या इतिहासात मात्र या पुस्तकाचे स्थान निर्विवाद आहे.

लेखक बाबा पदमनजी (१८३१–१९०६) बेळगावच्या कासार कुटुंबातले. बेळगाव आणि मुंबई येथील मिशनशाळांत ते शिकले, जातिभेद न मानणाऱ्या गुप्त परमहंस सभेशी त्यांचा संबंध आला, आणि इ.स. १८५४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'अरुणोदय' या आत्मचरित्रात त्यांनी आपल्या मनःपरिवर्तनाची हकीकत दिली आहे. ती वाचताना ध्यानात येते ते असे, की त्यांचे मन एखाद्या व्याख्यानाने किंवा चमत्काराने पालटले नाही. कडक व्रतवैकल्ये करणारा मुलगा, मग शंका घेणारा विद्यार्थी, मग सुधारक मित्रांत वावरणारा तरुण, असे वर्षानुवर्षे चाललेले ते वाचन आणि बोलणे होते.

मराठी गद्यकथा तेव्हा बाल्यावस्थेत होती. बनियनच्या सुप्रसिद्ध रूपककथेचे हरि केशवजी यांनी केलेले 'यात्रिकक्रमण' हे भाषांतर इ.स. १८४१ मध्ये निघाले होते. बंगालीत हॅना कॅथरिन म्यूलेन्स यांची 'फुलमणि ओ करुणार विवरण' ही ख्रिस्ती कथा १८५२ मध्ये आली होती. बनियनचा यात्रिक एकटा निघतो आणि बायकामुलांना मागे टाकतो. पदमनजींनी प्रवास ठेवला, पण प्रवाशांची जोडी केली. दोहोंतील हा फरक फार मोठा आहे.

यमुना ही शिकलेली तरुण स्त्री आणि विनायक हा तिचा नवरा. दोघांचाही ओढा ख्रिस्ती धर्माकडे आहे, पण घरच्यांना ते ठाऊक नाही. दोघे महाराष्ट्रातील निरनिराळ्या ठिकाणी प्रवासास जातात, आणि जेथे जातील तेथे त्यांना विधवा भेटतात: बालविधवा, केशवपन झालेल्या, सासरी राबणाऱ्या, फसविल्या गेलेल्या. प्रत्येकीची हकीकत त्यांच्या कानी येते. पुढे विनायक मरण पावतो, आणि जे हाल यमुनेने इतरांच्या घरी पाहिले ते तिच्याच वाट्याला येऊ पाहतात. अखेर ती ख्रिस्ती होते आणि एका ख्रिस्ती गृहस्थाशी पुनर्विवाह करते.

कादंबरीतील सर्वांत जिवंत भाग म्हणजे पतिपत्नींचे बोलणे. वडीलधाऱ्यांच्या देखत नवऱ्याशी बोलणेही ज्या काळी गैर मानले जाई, त्या काळी एक नवरा आणि त्याची बायको देवाविषयी, पापाविषयी, रूढींविषयी बरोबरीच्या नात्याने चर्चा करतात. यमुना केवळ ऐकणारी नाही. विधवांशी बोलताना पुढाकार तिचा असतो. वाचणाऱ्या हिंदू तरुणाला धर्मांतर पटो वा न पटो, असा संसार असू शकतो हे चित्र त्याला प्रथमच दिसले असणार. पदमनजींचा खरा प्रचार येथे आहे आणि तो त्यांच्या लांब उपदेशांपेक्षा प्रभावी आहे.

दुसरी गोष्ट कथाक्रमाची. विधवेच्या घरी गेल्यावर आधी तिचे दुःख ऐकले जाते; धर्माची गोष्ट मागाहून निघते. जाहीर वादात हा क्रम नेमका उलटा असे. इ.स. १८५६ मध्ये विधवाविवाहाचा कायदा संमत झाला होता, त्यामुळे विषय चर्चेत होता. परंतु कायद्याने पुनर्विवाह वैध केला तरी विधवेला दारात उभे कोण करणार, हा प्रश्न उरलाच होता. कादंबरीचे उत्तर असे, की ख्रिस्ती मंडळी करील.

या उत्तराची कमजोर बाजूही सांगितली पाहिजे. कादंबरीतील सनातनी पात्रांना चांगले युक्तिवाद दिलेले नाहीत. ती हट्टी असतात, लोभी असतात किंवा गप्प बसतात. समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबावा जसे उलट प्रश्न करीत, तसा एकही प्रतिपक्षी पदमनजींनी उभा केला नाही. विनायकाचा मृत्यू आणि यमुनेचा दुसरा विवाह यांत कथेपेक्षा सिद्धान्ताची सोय अधिक पाहिली आहे. आणि ज्या विधवा वाटेत भेटल्या, आपले सांगून झाल्यावर मागे राहिल्या, त्यांचे पुढे काय झाले हे कथा विचारीत नाही; त्यांतील बहुतेकींना यमुनेसारखे निघून जाता येणार नव्हते. तरीही त्या बायकांच्या तोंडी लेखकाने घातलेली भाषा बोलीच्या जवळची आणि खरी आहे. समाजचित्रणासाठी मराठी वाचक आजही या पुस्तकाकडे वळतो, आणि ते चित्रण धर्मप्रसाराच्या हेतूनेच लिहिले गेले होते.

फुले यांचा पाद्री

यमुनापर्यटनाच्या दोन वर्षे आधी, इ.स. १८५५ मध्ये, जोतीराव फुले यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते स्वीकारले नाही आणि ते छापले गेले इ.स. १९७९ मध्ये. भटजीने भविष्याच्या धाकाने नागविलेल्या एका कुणबी जोडप्याला त्यात एक पाद्री भेटतो आणि त्यांच्याशी बोलतो. फुले स्वतः स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते, पण ख्रिस्ती झाले नाहीत. नाटकाचा शेवटही तसाच आहे: नवरा-बायको बाप्तिस्म्यासाठी जात नाहीत, तर रात्रीच्या शाळेत शिकावयास जाण्याचे ठरवितात. मिशनऱ्याचे बोलणे ऐकून त्यातले हवे ते घेणारा आणि नको ते ठेवणारा श्रोता मराठी साहित्यात येथे दिसतो. पदमनजींच्या कादंबरीत त्याला जागा मिळाली नाही.

पंडिता रमाबाई आणि उघडे दार

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी आपल्या धर्मांतराचा जो वृत्तान्त पुढे लिहिला, त्यात पुस्तके आणि माणसे एकाआड एक येतात. आसामकडील सिलचर येथे घरात लूककृत शुभवर्तमानाची एक प्रत त्यांच्या हाती पडली. विधवा झाल्यावर त्या पुण्यास आल्या आणि पुढे इंग्लंडला गेल्या. लंडनमधील फुलहॅम येथे मठवासिनी भगिनी 'पतित' समजल्या जाणाऱ्या स्त्रियांची सेवा करीत. ती पाहून त्या चकित झाल्या. हे का करता, असे त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्री यांची भेट सांगितली. रमाबाईंचा प्रश्न तत्त्वज्ञानाचा नव्हता. हिंदू धर्मशास्त्रांत पतित स्त्रीला दया आढळली नाही, ती येथे का आढळते, असा तो होता. इ.स. १८८३ च्या सप्टेंबरात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नीळकंठशास्त्री गोरे यांच्या लेखनाचा आणि पत्रांचाही त्यांच्या निर्णयात वाटा होता.

बाप्तिस्म्यानंतर संवाद थांबला नाही. उलट तो तेथे खऱ्या अर्थाने सुरू झाला. त्रैक्याचा सिद्धान्त, चर्चचा अधिकार या बाबतींत रमाबाईंनी आपल्या इंग्रज हितचिंतकांशी पत्रांतून कडाक्याचा वाद घातला. एका धर्मगुरूंच्या जोखडातून सुटल्यावर दुसऱ्यांचे जोखड आपण मानेवर घेणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. ही पत्रे अ. भि. शहा यांनी संपादित केली आणि महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ती १९७७ मध्ये प्रसिद्ध केली.

इ.स. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत काढलेले शारदा सदन पुढल्या वर्षी पुण्यास आले. संस्थेत धर्माच्या बाबतीत तटस्थता राखण्याचे ठरले होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत आणि खोलीचे दार उघडे असे. काही मुली आपण होऊन येऊन बसत. हे धर्मस्वातंत्र्य की धर्मप्रसार, यावर पुण्यात प्रचंड वाद पेटला. 'केसरी'ने कठोर टीका केली, न्या. म. गो. रानडे आणि डॉ. रा. गो. भांडारकर यांच्यासह सल्लागार मंडळाने १८९३ मध्ये राजीनामा दिला, आणि अनेक मुलींना पालकांनी काढून नेले. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य होते. स्वतःच्या घरात दार लावून प्रार्थना करावी असे कोणाला सांगता येत नाही. आणि जिला जगात दुसरा आधार नाही, त्या मुलीला आपल्या आश्रयदातीचे उघडे दार हे नुसते दार राहत नाही, हेही खरे.

टिळक दांपत्य

ना. वा. टिळक (१८६१–१९१९) यांच्या आयुष्यातील रेल्वेची गोष्ट मराठी ख्रिस्ती घरांत पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते. इ.स. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावकडे जात असता डब्यात एक युरोपीय गृहस्थ त्यांच्याजवळ बसले होते. बोलता बोलता संस्कृत काव्याचा विषय निघाला आणि मग धर्माचा. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थाने टिळकांच्या हाती नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांनी पुस्तक वाचावयास घेतले. डोंगरावरील प्रवचनाने त्यांना जखडून टाकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो सहप्रवासी कोण होता हे टिळकांना कधीच कळले नाही. मिशनच्या कोणत्याही योजनेत न बसणारी ही भेट मिशनच्या अनेक वर्षांच्या श्रमांहून फलदायी ठरली.

या गोष्टीचा दुसरा भाग इतक्या आवडीने सांगितला जात नाही, पण 'स्मृतिचित्रे'मुळे तो अजरामर झाला. नवरा ख्रिस्ती झाल्याची बातमी कळली तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. लहान मुलगा घेऊन त्या नातेवाइकांत राहिल्या. नवरा जिवंत आणि तरी नाही, अशा अवस्थेत काही वर्षे गेली. पुढे त्या टिळकांकडे राहावयास आल्या, पण स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे, सोवळे कायम. हा संवाद चुलीपाशी आणि पाण्याच्या घागरीपाशी चालला. टिळकांनी बायकोवर धर्माची सक्ती केली नाही, आणि लक्ष्मीबाईंनीही पतिव्रता म्हणून मुकाट्याने त्यांच्यामागे जाण्याचे नाकारले. शिवाशिव देवाने केली की माणसाने, या प्रश्नाचा त्यांनी आपल्या मनाशी उलगडा केला आणि मगच इ.स. १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला.

'स्मृतिचित्रे' कोणाला ख्रिस्ती करण्यासाठी लिहिलेले नाही, आणि ख्रिस्ती नसलेल्या मराठी वाचकाने सर्वाधिक प्रेमाने वाचलेले ख्रिस्ती पुस्तक तेच आहे. टिळकांचा विक्षिप्तपणा, आपली स्वतःची फजिती, ख्रिस्ती मंडळींतील हेवेदावे, काहीही त्यात झाकलेले नाही. पदमनजींना जो प्रतिपक्ष उभा करता आला नाही तो येथे लेखिकेच्या रूपाने स्वतःच बोलतो. ज्या बाईला धर्मांतराने सर्वांत अधिक सोसावे लागले, तिनेच ते सांगितले; म्हणून तिची साक्ष ग्राह्य वाटते. असाच एक घरगुती संघर्ष कृपाबाई सत्यनादन (१८६२–१८९४) यांच्या 'सगुणा' या इंग्रजी आत्मचरित्रात्मक कादंबरीत आहे. त्यांचे आईवडील, राधाबाई आणि हरिपंत ख्रिस्ती, अहमदनगरचे. नवऱ्याच्या धर्मांतराने हादरलेली आई त्या कादंबरीच्या आरंभी भेटते.

टिळकांनी स्वतः कादंबरी लिहिली नाही. अभंग, भजन आणि कीर्तन हे त्यांचे मार्ग होते. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते म्हणत. इ.स. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि सातारा येथे 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना प्रवेश होता. संभाषणाचा शेवट बाप्तिस्म्यातच झाला पाहिजे हा मिशनचा आग्रह येथे टिळकांनी सोडून दिला, त्यामुळे त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांत अस्वस्थता निर्माण झाली. त्यांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य लक्ष्मीबाईंनी पुढे नेले आणि मुलगा देवदत्त यांनी पूर्ण केले, ते इ.स. १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले.

नियतकालिके आणि नंतरचा काळ

इ.स. १८४२ मध्ये अहमदनगर येथे सुरू झालेले 'ज्ञानोदय' हे ख्रिस्ती आणि ख्रिस्तेतर लेखकांच्या वादसंवादाचे दीर्घकाळ चाललेले व्यासपीठ होते. वसईतील 'सुवार्ता' या मासिकाने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही भूमिका वेगळ्या रीतीने बजावली. त्याचे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ते मंडळीच्या बाहेरील वाचक-लेखकांसाठी खुले केले आणि पर्यावरण, पाणी, स्थानिकांचे हक्क असे विषय त्यात आणले. त्यांच्या 'सुबोध बायबल'ला अनुवादासाठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. धर्मगुरूची अध्यक्षपदी निवड झाल्याबद्दल संमेलनापूर्वी काही मंडळींनी विरोध केला होता. संमेलन नियोजित वेळी पार पडले.